गावच्या घराचा होम असिस्टंट बाहेरून उघडायचा तर: नवख्यांसाठी रिव्हर्स प्रॉक्सीची मांडणी

होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं एका जागेवरून चालवणारा प्रोग्रॅम, घरच्या वायफायवर झकास चालतो. ब्राउझरमध्ये घरातल्या नेटवर्कचा पत्ता आणि पुढे ८१२३ हा पोर्ट (यंत्रातल्या एका दाराचा क्रमांक) टाकला की दिवे, पंप, कॅमेरे सगळं समोर. पंचाईत होते ती घर फोंड्याला आणि आपण पुण्याला किंवा दुबईला असताना. कुळागरातला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतला, पंप चालूच राहिलाय का, टाकी भरली का, फाटकाशी कोण उभं आहे, हे बघायची गरज तेव्हाच पडते आणि नेमका तेव्हाच घरचा पत्ता बाहेरून लागत नाही.

यावर बरेच जण राउटरमध्ये ८१२३ पोर्ट सरळ उघडून मोकळे होतात. काम होतं, पण हे करू नका. तुमचा पासवर्ड त्या वाटेने जसाच्या तसा, कोणालाही वाचता येईल असा जातो आणि होम असिस्टंट थेट इंटरनेटच्या तोंडी उभा राहतो. मधे रिव्हर्स प्रॉक्सी हवा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर किंवा एखाद्या जुन्या मिनी पीसीवर होम असिस्टंट चालवणाऱ्या, पण वेब सर्व्हरला कधी हात न लावलेल्या माणसासाठी हे लिहितोय. पत्ते, नावं आणि सेटिंगच्या ओळी इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीतच टाकायचे.

प्रॉक्सी करतो काय

पणजीतल्या कुठल्याही मोठ्या सरकारी कचेरीत आवक-जावक खिडकी असते. अर्ज तिथे द्यायचा. तिथला कारकून कोणी आणला त्याची नोंद करतो, योग्य टेबलावर पाठवतो आणि उत्तर आलं की त्याच खिडकीतून तुमच्या हाती देतो. आत कुठलं टेबल कुठे, हे तुम्हाला कळायचं कारण नाही. रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे ही खिडकी. बाहेरून येणारी प्रत्येक मागणी ४४३ या एकाच पोर्टवर येते. प्रॉक्सी तिचं एन्क्रिप्शन (वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून घातलेलं सांकेतिक कुलूप) उलगडतो, कोणत्या नावाने विचारणा झाली ते बघतो आणि आतल्या १९२.१६८.१.५० या यंत्राच्या ८१२३ पोर्टकडे पाठवतो. उद्या त्याच घरात कॅमेऱ्यांसाठी फ्रिगेट किंवा फोटोंसाठी इमिच बसवलंत तरी नवा पोर्ट उघडावा लागत नाही. नवं नाव द्यायचं, खिडकी तीच.

हे काम करणारे प्रोग्रॅम पुष्कळ आहेत. एन्जिनएक्स २००४ पासून आहे आणि जगातल्या बऱ्याच मोठ्या साइट त्यावर चालतात. २०१५ मध्ये आलेला कॅडी एन्क्रिप्शनसाठी लागणारं सर्टिफिकेट स्वतःच आणतो आणि त्याची सेटिंगची फाइल दोन-तीन ओळींत संपते. मजकुराच्या फाइली लिहायची सवय असेल तर माझी पसंती कॅडीला. पण नवख्याने एन्जिनएक्स प्रॉक्सी मॅनेजर घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. आत एन्जिनएक्सच चालतो, फक्त समोर फॉर्म असतो. हाताने फाइल लिहिताना वेबसॉकेटच्या (पान आणि सर्व्हर यांच्यातल्या कायम चालू जोडणीच्या) दोन-तीन ओळी हमखास राहून जातात, इथे ते एका बटणावर भागतं. होम असिस्टंटच्या कम्युनिटी ॲड-ऑनमध्ये (वरून बसवायच्या जोड-प्रोग्रॅममध्ये) तो तयार मिळतो, म्हणजे वेगळं यंत्रही लागत नाही.

आधी ठरवा, हे हवंच आहे का

घर फक्त तुम्ही आणि बायको बघणार, दोघांचे फोन तुमच्याच हातातले, मग हा सगळा खटाटोप कशाला? टेलस्केल हा व्हीपीएन, म्हणजे फोन आणि घर यांच्यातली खासगी वाट, बसवा. बाहेर एकही पोर्ट उघडा राहत नाही, अर्ध्या तासात काम होतं. प्रॉक्सी लागतो तो वेगळ्या गरजांसाठी. आईला माहेरी गेल्यावर तिथल्या लॅपटॉपवरून बघायचं असतं. घराची देखभाल करणाऱ्याला फक्त पंपाचं पान द्यायचं असतं आणि त्याच्या फोनवर व्हीपीएन चढवणं जमणार नसतं. गुगल असिस्टंट किंवा अलेक्सा महिन्याची वर्गणी न भरता स्वतः जोडायचे असतात. त्यांना बाहेरून लागणारा, खऱ्या सर्टिफिकेटचा पत्ताच हवा असतो. वर्गणी भरायची तयारी असेल तर नाबू कासा या कंपनीची होम असिस्टंट क्लाउड ही सेवा हे सगळं करून देते आणि तो पैसा प्रकल्पाच्याच कामी येतो. तो पर्यायही वाईट नाही.

तरीही प्रॉक्सीच हवा असेल तर पुढे वाचा.

पब्लिक आयपी आहे का ते बघा, बाकी सगळं नंतर

गोव्यात मला दिसलेल्या अडलेल्या मांडण्यांपैकी बहुतेक इथेच अडलेल्या असतात आणि माणूस मात्र प्रॉक्सीची सेटिंग उलटीपालटी करत बसलेला असतो. म्हणून एन्जिनएक्सचं नाव घेण्याआधी ही तपासणी करा.

राउटरच्या पानावर लॉगिन करा, बहुधा १९२.१६८.१.१ वर ते मिळतं. 'वॅन' किंवा 'इंटरनेट स्टेटस' खाली दिसणारा आयपी कागदावर उतरवून घ्या. मग त्याच वायफायवरच्या फोनवर गुगलला 'व्हॉट इज माय आयपी' विचारा. अक्षरं, आकडे आणि दोन-दोन टिंबांची लांबलचक माळ दिसली तर तो आयपीव्ही६. आपल्याला चार आकड्यांचा आयपीव्ही४ हवा, तो वेगळा दाखवणारी साइट बघा. दोन्ही आकडे जुळले तर तुमच्याकडे पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता, आहे.

जुळले नाहीत तर राउटरवरच्या आकड्याची सुरुवात बघा. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच बाहेरचा आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटून द्यायचा ही पद्धत, आणि हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. इथे राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरची मागणी तुमच्या दारापर्यंत येतच नाही. मोबाइल सिमवर चालणाऱ्या राउटरवर तर ही परिस्थिती नेहमीचीच.

आकडा १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर आधी घरातच बघा. फायबरवाल्याने भिंतीवर लावलेला ओएनटी (फायबरची केबल येते तो डबा) स्वतः राउटरचं काम करतो आणि त्याच्यामागे तुम्ही आपला चांगला वायफाय राउटर जोडलेला असतो. एकामागे एक दोन राउटर. चिऱ्याच्या जाड भिंतींमुळे आपल्याकडे दुसरा राउटर घेतलाच जातो, त्यामुळे हे फार घरांत दिसतं. उपाय दोन. ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या म्हणजे तो राउटरचं काम सोडेल, किंवा तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल. दुसरा उपाय तुमच्या हातातला आहे, कोणाला फोन लावावा लागत नाही.

सीजीनॅट निघाला तर कनेक्शनवाल्याला विचारायचं. विचारताना शब्द नीट वापरा. 'स्टॅटिक आयपी' मागितलात तर तो महागडा प्लॅन पुढे करेल. तुम्हाला स्टॅटिक लागत नाही, फक्त पब्लिक लागतो. तो रोज बदलला तरी चालतो. काही ठिकाणी एवढ्या विनंतीवर काम होतं, काही ठिकाणी थोडे पैसे पडतात, काही ठिकाणी 'नाही' म्हणून सांगतात. नाहीच मिळाला तर क्लाउडफ्लेअर टनेल वापरता येतो. त्यात घरातलं यंत्रच बाहेर जोडणी करतं, पोर्ट उघडावा लागत नाही. मात्र स्वतःचं डोमेन क्लाउडफ्लेअरकडे लावावं लागतं आणि तुमची सगळी ये-जा त्यांच्याकडे उलगडून पुढे जाते. हे पटत नसेल तर पुन्हा टेलस्केल.

घरातला पत्ता पक्का करा

होम असिस्टंटच्या यंत्राचा आतला आयपी राउटर वाटेल तेव्हा बदलू शकतो, विशेषतः वीज जाऊन आल्यावर. राउटरच्या डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना आयपी वाटायच्या) पानावर 'ॲड्रेस रिझर्वेशन' असतं, तिथे यंत्राचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) आणि १९२.१६८.१.५० असा एक आकडा जोडून टाका. केबल लावून चालवा, वायफायवर नको. एवढंच.

नाव घ्या

बदलत्या आयपीला न बदलणारं नाव हवं. फुकटात डकडीएनएस आहे: खातं उघडा, 'आमचंघर' असं काहीतरी नाव निवडा, टोकन मिळतं. होम असिस्टंटच्या डकडीएनएस ॲड-ऑनमध्ये नाव आणि टोकन भरलं की आयपी बदलला की तो नोंद सुधारत राहतो. स्वतःचं डोमेन विकत घेतलंत तर आणखी बरं. 'घर', 'कॅमेरा', 'फोटो' अशी हवी तेवढी उपनावं त्याखाली करता येतात.

नावात आडनाव आणि गाव घालू नका. सर्टिफिकेट निघालं की ते नाव सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या जाहीर यादीत जातं, कोणालाही ती वाचता येते, आणि वाचणाऱ्यांत बॉट सगळ्यात पुढे असतात. 'माझं नाव कोणाला माहीत नाही, कोण येणार' हा भ्रम पहिल्याच दिवशी सोडून द्या.

राउटरमध्ये दोनच पोर्ट

'पोर्ट फॉरवर्डिंग' शोधा. काही राउटरवर त्याला 'व्हर्च्युअल सर्व्हर' म्हणतात. बाहेरचा ४४३ आतल्या १९२.१६८.१.५० च्या ४४३ ला, बाहेरचा ८० त्याच यंत्राच्या ८० ला (हा कशाला, ते सर्टिफिकेटच्या भागात). ८१२३ उघडायचा नाही. ८१ वर प्रॉक्सी मॅनेजरचं स्वतःचं कारभाराचं पान असतं, तो तर मुळीच उघडायचा नाही. तो उघडला म्हणजे घराच्या चाव्या फाटकाला टांगल्या.

त्याच पानाच्या आसपास 'रिमोट मॅनेजमेंट' चालू दिसलं तर बंद करा. काही राउटर त्यासाठी ४४३ स्वतःच अडवून बसतात आणि मग बाहेरून तुमच्या नावावर राउटरचंच लॉगिन उघडतं.

होम असिस्टंटला सांगा, कोणावर विश्वास ठेवायचा

ही पायरी प्रॉक्सीच्या आधी करा. होम असिस्टंटकडे येणारी प्रत्येक मागणी आता प्रॉक्सीच्या हातून येणार. खरा पाहुणा कोण, हे प्रॉक्सी एका हेडरमध्ये (मागणीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) लिहून देतो. एक्स-फॉरवर्डेड-फॉर असं त्याचं नाव. पण हे हेडर कोणीही खोटं लिहू शकतो, म्हणून 'अमुक आयपीवरून आलेल्याचंच खरं मान' असं स्पष्ट सांगेपर्यंत होम असिस्टंट ते मानत नाही आणि सरळ '४०० बॅड रिक्वेस्ट' देऊन परत पाठवतो.

फाइल एडिटर ॲड-ऑनमधून कॉन्फिगरेशन डॉट यामल उघडा आणि शेवटी या चार ओळी घाला:

एचटीटीपी:
  यूज_एक्स_फॉरवर्डेड_फॉर: ट्रू
  ट्रस्टेड_प्रॉक्सीज:
    - १७२.३०.३३.०/२४

पुढची मोकळी जागा स्पेसचीच, टॅब चालत नाही. यामल या बाबतीत फार सोवळं आहे. 'एचटीटीपी' हा शब्द फाइलमध्ये आधीच कुठे असेल तर दुसऱ्यांदा लिहू नका, त्याच्याच खाली बाकीच्या ओळी घाला.

१७२.३०.३३.०/२४ हा होम असिस्टंट ज्या जाळ्यात ॲड-ऑन चालवतो त्याचा पट्टा. प्रॉक्सी दुसऱ्या यंत्रावर असेल तर त्या यंत्राचा आयपी लिहा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.६०. नेमका कोणता लिहायचा कळत नसेल तर तर्क करत बसू नका. पुढची प्रॉक्सीची पायरी झाली की एकदा बाहेरून प्रयत्न करा, ४०० येऊ द्या आणि होम असिस्टंटचा लॉग उघडा. 'अमुक पत्त्यावरून रिव्हर्स प्रॉक्सीची मागणी आली, पण तशी मांडणी केलेली नाही' अशा अर्थाची ओळ तिथे असते आणि तिच्यातच तो पत्ता असतो. तोच उचलून यादीत टाका. आणखी एक बारकावा: पट्टा लिहिताना मागे /२४ असेल तर शेवटचा आकडा ० च हवा. १९२.१६८.१.५०/२४ असं लिहिलंत तर फाइलच नापास होते. एकच यंत्र असेल तर मागे काहीच लावू नका.

पूर्वी डकडीएनएसची जुनी कृती वाचून याच भागात सर्टिफिकेटच्या दोन ओळी, एसएसएल_सर्टिफिकेट आणि एसएसएल_की, घातल्या असतील तर त्या काढून टाका. एन्क्रिप्शन आता प्रॉक्सी सांभाळणार. तपासणीचं बटण दाबून फाइल बरोबर असल्याची खात्री करा आणि होम असिस्टंट पूर्ण रीस्टार्ट करा. नुसतं रीलोड केल्याने हा भाग लागू होत नाही.

प्रॉक्सी मॅनेजर भरा

ॲड-ऑन बसवून चालू करा, त्याचं पान उघडा. तयार खातं आणि पासवर्ड मिळाला असेल तर दोन्ही ताबडतोब बदला, कारण ते साऱ्या जगाला ठाऊक असतात. मग 'प्रॉक्सी होस्ट्स' मध्ये 'ॲड प्रॉक्सी होस्ट'.

डोमेनच्या रकान्यात पूर्ण नाव लिहून एंटर दाबा, नाही दाबला तर ते धरलं जात नाही. 'स्कीम' मध्ये एचटीटीपी ठेवा. इथे लोक भाबडेपणाने एचटीटीपीएस निवडतात, सुरक्षित वाटतं म्हणून; पण ही प्रॉक्सीपासून होम असिस्टंटपर्यंतची, घरातल्या घरातली वाट आहे आणि होम असिस्टंट त्या बाजूला साधं एचटीटीपीच बोलतो. 'फॉरवर्ड होस्टनेम' मध्ये १९२.१६८.१.५०, पोर्ट ८१२३. 'कॅश ॲसेट्स' बंद ठेवा. 'ब्लॉक कॉमन एक्स्प्लॉइट्स' चालू ठेवायला हरकत नाही.

'वेबसॉकेट्स सपोर्ट' चालू. होम असिस्टंटचं पान एकदा उघडलं की तो सर्व्हरशी एक कायमची वाहती जोडणी धरून ठेवतो. पंप सुरू झाला की तुमच्या पानावरचा आकडा आपोआप बदलतो तो याच जोडणीवरून. प्रॉक्सीने ती जोडणी पुढे नेली नाही तर दिसणारा प्रकार फसवा असतो: लॉगिनचं पान नीट उघडतं, पासवर्ड बरोबर म्हणून स्वीकारला जातो, निळा लोगो येतो आणि मग 'होम असिस्टंटशी जोडता आलं नाही, पुन्हा प्रयत्न करतोय' असं म्हणत सेकंद मोजणं सुरू होतं. माणूस पासवर्ड बदलून बघतो, फोन बदलून बघतो. लॉगिन होऊन लोगोवर अडकलं की सरळ हे बटण बघा.

'ॲक्सेस लिस्ट' मध्ये जादा पासवर्ड लावायचा मोह होईल. लावू नका. तो पासवर्ड ज्या हेडरमधून जातो तेच हेडर होम असिस्टंट आपल्या ओळखीसाठी वापरतो. दोघांची टक्कर होते आणि फोनमधलं ॲप रुसतं.

सर्टिफिकेट

त्याच खिडकीत 'एसएसएल' टॅबवर 'रिक्वेस्ट अ न्यू सर्टिफिकेट' निवडा. हे लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट येतं. नाव खरंच तुमचं आहे का, हे ते दोन प्रकारे तपासतात. पहिला: तुमच्या पोर्ट ८० वर येऊन एक फाइल वाचून बघतात. दुसरा: डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या यादीत, एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद करायला लावतात. कनेक्शनवाला ८० पोर्ट अडवत असेल तर 'यूज डीएनएस चॅलेंज' वर खूण करा, यादीतून डकडीएनएस किंवा तुमचा डीएनएसवाला निवडा आणि टोकन द्या. मला हा दुसरा प्रकारच बरा वाटतो, कारण मग ८० पोर्ट बंदही करून टाकता येतो.

मिळालं नाही तर बटण दाबत राहू नका. एका नावासाठी तासाला पाचदा तपासणी फसली की लेट्स एन्क्रिप्ट काही वेळ दार लावून घेतं. आधी कारण शोधा: नाव खऱ्या आयपीकडे जातंय का, पोर्ट उघडा आहे का.

मिळालं की 'फोर्स एसएसएल' आणि 'एचटीटीपी/२' चालू करा. 'एचएसटीएस' आठवडाभर तरी थांबवा. त्यात ब्राउझरला 'या नावाला यापुढे एचटीटीपीएसच' अशी पक्की सूचना जाते आणि मांडणी अर्धवट असताना ती नडते.

सर्टिफिकेटची मुदत ९० दिवसांची. प्रॉक्सी मॅनेजर ते आपणहून नवं करतो, पण पोर्ट ८० ची पद्धत निवडून नंतर तो पोर्ट बंद केलात तर नूतनीकरण गुपचूप फसतं. पूर्वी लेट्स एन्क्रिप्ट मुदत संपायच्या आधी मेल पाठवायचं, ते त्यांनी जून २०२५ पासून बंद केलं. म्हणून होम असिस्टंटमध्ये 'सर्टिफिकेट एक्स्पायरी' ही जोडणी घाला आणि पंधरा दिवस उरले की फोनवर सूचना येईल असं ऑटोमेशन करा. पाच मिनिटांचं काम आहे. सगळ्या जाहीर सर्टिफिकेटांची कमाल मुदत २०२९ च्या मार्चपर्यंत ४७ दिवसांवर यायची आहे, तेव्हा आठवणीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

बाहेरून बघा

फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर नाव उघडा. घरच्या वायफायवर तपासलेलं धरू नका. काही राउटर आतून स्वतःच्याच बाहेरच्या नावाला जाऊ देत नाहीत, त्यामुळे सगळं बरोबर असून घरात उघडत नाही आणि बाहेर उघडतं.

काहीच न होता चक्र फिरत राहिलं आणि शेवटी 'टाइम आउट' आलं तर मागणी घरापर्यंत पोचलीच नाही: सीजीनॅट, पोर्ट फॉरवर्डिंग किंवा जुना आयपी दाखवणारं नाव, यांतलं एक. '५०२ बॅड गेटवे' आलं तर खूश व्हा, प्रॉक्सीपर्यंत सगळं ठीक आहे. आतला आयपी, पोर्ट किंवा स्कीम चुकलंय, नाहीतर होम असिस्टंट अजून उठतोय. ४०० म्हणजे विश्वासाची यादी. याच क्रमाने बाहेरून आत तपासत या.

चाललं की होम असिस्टंटच्या नेटवर्क सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता म्हणून नवं नाव आणि घरातला पत्ता म्हणून १९२.१६८.१.५० आणि ८१२३ भरा. फोनच्या ॲपमध्ये घरच्या वायफायचं नाव दिलं की घरी असताना ते आतला पत्ता वापरतं. वायफायचं नाव वाचायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते. ती नाकारली तर ॲप घरातही बाहेरूनच फेरी मारून येतं.

कुलपं

होम असिस्टंटमध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं करा. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक खात्याला प्रोफाइलमध्ये जाऊन ऑथेंटिकेटर ॲपचं दुहेरी लॉगिन लावा. देखभालवाल्याच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार देऊ नका.

मघाच्या 'एचटीटीपी' भागातच आणखी दोन ओळी: आयपी_बॅन_एनेबल्ड: ट्रू आणि लॉगिन_अटेम्प्ट्स_थ्रेशोल्ड: ५. पाचदा पासवर्ड चुकवणारा आयपी मग कायमचा बाहेर. आता लक्षात येईल की पाहुण्याचा खरा आयपी होम असिस्टंटपर्यंत पोचणं का महत्त्वाचं. तो पोचला नाही आणि सगळेच पाहुणे प्रॉक्सीच्या आयपीवरून आलेले दिसले तर एका बॉटच्या पाच चुकांवर खुद्द प्रॉक्सीच बॅन होतो, म्हणजे अख्खं घर बाहेर. चुकून आपणच अडकलो तर आयपी_बॅन्स डॉट यामल फाइलमधली ती नोंद काढून रीस्टार्ट करायचं.

प्रॉक्सी मॅनेजरच्या सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट साइट' आहे. नाव न घेता नुसत्या आयपीवर येणाऱ्यांना काय दाखवायचं ते तिथे ठरतं. ४०४ किंवा 'उत्तरच नाही' हा पर्याय निवडा. 'अभिनंदन' म्हणणारं तयार पान कशाला दाखवायचं?

पावसाळा आणि वीज

जून ते सप्टेंबर गोव्यात ही सगळी मांडणी कसोटीला लागते. वीज जाते, येते, लगेच पुन्हा जाते. एसडी कार्डावर चालणाऱ्या रास्पबेरी पायला हे सोसत नाही, लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड बिघडतं. छोटा एसएसडी लावा. ओएनटी, राउटर आणि पाय या तिघांनाही बॅकअप हवा. एकाला आणि दुसऱ्याला नाही असं करून उपयोग नाही. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचून घ्या. राउटर बहुधा १२ व्होल्टचा, पाय ५ व्होल्टचा. विजांच्या कडकडाटात धोका येतो तो विजेच्या वायरीतून आणि तांब्याच्या लॅन केबलमधून. फायबरच्या काचेतून येत नाही. फाटकापर्यंत कॅमेऱ्याची लांब लॅन केबल टाकली असेल तर तिला सर्ज प्रोटेक्टर लावा. आणि यंत्र पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका.

बॅकअप रोज, आणि घराबाहेर कुठेतरी जाईल असा. प्रॉक्सी मॅनेजर ॲड-ऑन म्हणून असेल तर त्याची सेटिंग आणि सर्टिफिकेटंही त्यात येतात. बॅकअप उघडायची किल्ली होम असिस्टंट एका 'इमर्जन्सी किट' फाइलमध्ये देतो. ती त्याच यंत्रात ठेवून काय उपयोग, स्वतःजवळ ठेवा.

राहता राहिला राउटर. वीज येते, सगळं चालू होतं, पण राउटर अडकून बसतो आणि चतुर्थीपर्यंत गावाला कोणी जाणार नसतं. त्यासाठी राउटर आणि ओएनटी एका स्मार्ट प्लगवर घ्या आणि होम असिस्टंटमध्ये ऑटोमेशन करा: 'पिंग' जोडणीला पंधरा मिनिटं इंटरनेट सापडलं नाही तर प्लग बंद, अर्ध्या मिनिटाने चालू, आणि मग तासभर पुन्हा हात लावायचा नाही. प्लग मात्र झिगबीचा (ही वायफायशिवाय चालणारी वेगळी रेडिओ पद्धत) घ्या आणि झिगबीचा डाँगल पायलाच जोडा. वायफायचा प्लग घेतलात तर तो राउटरची वीज तोडेल, त्यासरशी वायफाय जाईल, आणि 'आता चालू हो' हा हुकूम त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. होम असिस्टंटचं यंत्र अर्थातच त्या प्लगवर नको.